मोरी होती, ओढा नव्हता

तात्यांनी रानात बाजलं आणून टाकलं होतं. तेही बरोबर आमच्या फक्कीच्या रेषेवर. आदल्या संध्याकाळी मी स्वतः उभी राहून ती पांढरी रेषा मारून घेतली होती. त्या रेषेनं चर खणायचा, चरात पाइप टाकायचा, माती लोटायची आणि पुढं सरकायचं. चार तासांचं काम. पण रेषेवर बाजलं, बाजल्यावर तात्या, तात्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल आणि समोर दहा फुटांवर आमचा जेसीबी.

“तात्या, बाजलं बाजूला घ्या. काम थांबलंय.”

“माझं रान, माझं बाजलं. तुमचं मशीन बाजूला घ्या.”

“काल तुम्ही हो म्हणाला होता.”

“काल मी ‘बगू’ म्हणालो. बगितलं. न्हाय जमत.”

ऑपरेटरनं इंजिन बंद केलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बाभळीखाली जाऊन मोबाईल काढला. काम अडल्याचा हा सलग तिसरा दिवस होता. मे महिना अर्धा सरला होता. पाऊस लागला की काळ्या रानात जेसीबी चालत नाही, पोटापर्यंत रुततो. म्हणजे आता राहिलेलं काम थेट पुढच्या उन्हाळ्यावर. आणि हे सगळं सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला बाजल्यावरून उठवता येत नाही म्हणून.

मी शेतजमिनीच्या निचऱ्याची कामं करते. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरच्याला वाटतं, बाई गटारं बांधते. ते फारसं चूक नाही. फक्त माझी गटारं जमिनीखाली असतात आणि त्यांतून मीठ वाहतं.

आमच्या कोल्हापूरच्या नदीकाठची जमीन काळी, भारी. पाणी धरून ठेवते. तिच्यावर वर्षानुवर्षं ऊस, आणि उसाला पाटानं मोकळं पाणी. रान तुडुंब भरलं की शेतकऱ्याचं समाधान होतं. उसाला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी खाली मुरतं. मुरलेल्या पाण्याला पुढं जायला वाट नसेल तर ते साठतं आणि हळूहळू वर चढतं. वर येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. घराच्या ओल्या भिंतीला लोणा धरतो ना, तसंच. आधी रानात कुठंतरी ताटाएवढा पांढरा डाग दिसतो. मग तो वाढतो. मग तिथं ऊस पिवळा पडतो, मग उगवतच नाही. शेवटी रानात लव्हाळासुद्धा टिकत नाही आणि भर दुपारी ते दुरून दही सांडल्यासारखं दिसतं.

उपाय फार अवघड नाही. कुंडीला खाली भोक ठेवतो, तसं जमिनीला भोक द्यायचं. चार-पाच फूट खोल, बारीक छिद्रांचे पाइप टाकायचे. छिद्रांत माती जाऊ नये म्हणून त्यांना कापड गुंडाळलेलं असतं. शेतात साठलेलं पाणी या पाइपांत झिरपतं, तिथून एका मोठ्या पाइपात येतं आणि तो पाइप जवळच्या खोल ओढ्यात सोडायचा. त्या शेवटच्या तोंडाला आम्ही आउटलेट म्हणतो. सगळं काम आउटलेटवर अवलंबून असतं. वर कितीही चांगले पाइप टाका, तोंड बंद असेल तर त्यांचा उपयोग शून्य.

हे गाव नृसिंहवाडीपासून गाडीनं अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही; मला तिथं अजून जावं लागतं. गावातल्या बावीस शेतकऱ्यांनी मिळून योजना घेतली होती. गटाचे अध्यक्ष बापू. पांढरे कपडे, मोठा आवाज, आणि मी गेले की चहाबरोबर कांदाभजी ठरलेली. जानेवारीत सर्व्हे केला तेव्हा बापू स्वतः माझ्याबरोबर बांधाबांधानं फिरले होते. ड्रोननं उतार मोजले, मातीचे नमुने घेतले, लॅपटॉपवर सुरेख रंगीत नकाशा काढला. त्या नकाशाप्रमाणे सगळ्यांत सखल रान तात्यांचं होतं. त्यांच्या रानापलीकडं एक ओढा होता, चांगला दोन पुरुष खोल, पुढं नदीला मिळणारा. आमचा मोठा पाइप तात्यांच्या रानाच्या मधून जाऊन त्या ओढ्यात उतरणार होता. दुसरीकडून उतार मिळतच नव्हता.

आणि तात्या योजनेत नव्हते. त्यांचं रान अजून काळंभोर होतं.

शाहूपुरीतल्या ऑफिसमधून माने साहेबांचा फोन आला. साहेब आमचे चीफ इंजिनियर. “मॅडम, मशीन तीन दिवस उभं आहे.”

“माहीत आहे, सर. मी त्याच्या सावलीतच उभी आहे.”

“त्यांची समजूत काढा.”

“काढली. दोनदा काढली. जेवायच्या वेळेला एकदा आणि चहाच्या वेळेला एकदा.”

“मग पोलीस बंदोबस्त मागू या.”

मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. म्हातारा माणूस स्वतःच्या रानात बाजल्यावर बसलाय, त्याला चार पोलिसांनी उचलायचं आणि ते मी बघत उभं राहायचं, हे मला जमणार नव्हतं. पण माझीही सहनशक्ती संपत आली होती.

त्या दुपारी मी आणि ऑपरेटर ऑगर घेऊन तात्यांच्या रानात गेलो. ऑगर म्हणजे जमिनीला भोक पाडायचं लांब गिरमिट. हातानं फिरवायचं, माती वर येते, ती ओळीनं मांडून ठेवायची. तात्या नको म्हणाले नाहीत. उलट बाजल्यावरून उठून जवळ आले. तीन फुटांवर पाणी लागलं. मी भोकात टेप सोडून दाखवला.

“तात्या, हे बघा. तीन फूट. अजून दोन-तीन वर्षं, मग तुमचं रानही पांढरं होणार. आमचा पाइप गेला तर तुमचंही पाणी उतरेल. तुमच्याच फायद्याचं सांगतेय मी.”

“मला म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“पाणी चढलंय ते. माझी हीर बारा म्हैनं तोंडाला लागलीया. मला दिसत न्हाई व्हय?”

“मग अडवताय कशाला?”

“ओढ्यातनं न्या की पाइप.”

“ओढ्यातच नेतोय. तुमच्या रानापलीकडच्या.”

“त्यो न्हवं. ती शेपटी ऱ्हायलीया नुसती. वरचा ओढा.” त्यांनी हात केला. मी त्या दिशेनं बघितलं. रस्त्यापर्यंत ऊस, रस्त्यापलीकडं ऊस. नजर जाईल तिथवर ऊस.

“तिथं कुठं ओढा आहे, तात्या?”

“तेच म्हणतोय मी. कुटं हाय?” आणि परत जाऊन बाजल्यावर बसले.

खरं सांगते, मला वाटलं वयाचा परिणाम. संध्याकाळी शाळेत बैठक झाली तेव्हा मी बापूंना विचारलं. बापू हसले. “म्हाताऱ्याच्या डोस्क्यात ओढा हाय. ग्रामसभेत बी दोनदा वरडलाय. गावाचं चांगलं झाल्यालं बगवत न्हाई त्याला, दुसरं काय न्हाई. तितं माझा ऊस हाय, तुमी डोळ्यांनी बगितलासा की.” बाकीचे माना हलवत होते. कुणी म्हणालं, पोलीस आणा. कुणी म्हणालं, वाळीत टाका. एकानं तर तात्यांच्या बाजल्याचंच काही तरी करायचं सुचवलं. तासभर आरडाओरडा झाला, आणि निघताना प्रत्येकानं मला वेगळं गाठून सांगितलं की माझ्या रानातले पाइप तेवढे आधी टाका.

मी गाडीपाशी आले तर सुमनवहिनी थांबल्या होत्या. गटातल्या बावीस जणांत ही एकच बाई. नवरा वारल्यावर दोन एकर रान त्यांच्या नावावर आलं आणि तेच सगळ्यांत आधी पांढरं पडलं. सहा वर्षं त्या दोन एकरांत काही उगवलं नव्हतं. त्या दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, म्हणजे तण खुरपायला, जात होत्या, बऱ्याचदा बापूंच्याच. बैठकीत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“मॅडम, तात्या खुळं न्हाईत.”

“म्हणजे?”

“मी लगीन करून आलो तवा त्या ओढ्यावर धुणं धुयाला जात हुतो. उन्हाळ्यात बी गुडघाभर पाणी असायचं. खेकडी धरायची पोरं तितं.”

“कुठं? नक्की कुठं?”

त्यांनी शाळेच्या दिशेनं मागं वळून पाहिलं. “उद्या दावतो. पर माझं नाव नगा सांगू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भांगलायला जाता जाता रस्त्यावर क्षणभर थांबल्या, एका चिंचेकडं आणि एका विजेच्या खांबाकडं बोट केलं, “ह्याच्या मदनं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. ते रान बापूंचं होतं.

पाण्याची पातळी परत मोजायची आहे म्हणून बापूंकडं परवानगी मागितली. ते म्हणाले, “कुटं बी मारा की!” मी आणि ऑपरेटर उसाच्या सऱ्यांतून आत शिरलो. चिंचेपासून खांबाच्या दिशेनं दहा-दहा पावलांवर भोकं मारायची ठरवलं. पहिली तीन भोकं नेहमीसारखी. चिकट काळी माती, अडीच फुटांवर पाणी. चौथ्या भोकात तीन फुटांवर मातीचा रंग बदलला. काळीत पिवळा मुरूम मिसळलेला, मधेच विटेचा तुकडा. म्हणजे भर टाकलेली माती. आणखी खाली गेलो आणि ऑगर करकरला. ऑपरेटर म्हणाला, “दगड लागला.” दगड नव्हता. वर आली ती वाळू. वाळूत गुळगुळीत गोटे आणि गोगलगाईचे पांढरे शंख.

काळ्या रानात अशी वाळू नसते. ती वाहत्या पाण्यानं आणलेली असते. जानेवारीत मी याच रानात दोन भोकं मारली होती. दोन्ही भोकं या पट्ट्याच्या अलीकडं-पलीकडं पडली होती आणि मी समाधानानं रिपोर्ट लिहिला होता.

उसातून बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. चौथ्या भोकापासून सरळ रेषेत नजर टाकली आणि माझ्याच पायाखाली दिसली ती मोरी. रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेली, दोन कमानींची, दगडी, चांगली मजबूत. जानेवारीपासून मी तिच्यावरून गाडी नेत होते. मोरीच्या एका तोंडाशी ऊस होता आणि दुसऱ्या तोंडाशीही ऊस. कमानी मातीनं निम्म्या बुजलेल्या. रस्ता बांधणाऱ्यानं हौस म्हणून काही मोरी बांधली नसणार. ज्या बाईचं आयुष्य पाण्याच्या वाटा शोधण्यात गेलं, तिला मोरी दिसली नाही. ड्रोनला मात्र प्रत्येक बांधाची उंची दिसत होती.

तलाठी कार्यालयात जाऊन जुना गावनकाशा काढायला लावला. घड्यांवर फाटलेला कागद. त्यावर रस्ता होता, चिंच नव्हती, आणि दोन समांतर नागमोडी रेषा वरच्या शिवारापासून मोरीखालून, तात्यांच्या रानाच्या बांधाबांधानं खाली नदीपर्यंत गेलेल्या होत्या. दोन रेषांच्या मध्ये स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं : ओढा.

नकाशाचा फोटो घेऊन बापूंकडं गेले. भजी आली. मी ताटलीला हात लावला नाही.

“बापू, तुमच्या रानातनं ओढा गेलाय.”

बापूंनी फोटो लांब धरून पाहिला. “गेलता,” ते म्हणाले.

“मग जानेवारीत का नाही सांगितलं?”

“तुमी मातीचं विचारलासा, पाण्याचं विचारलासा. ओढ्याचं कुटं विचारलासा?”

बापूच पुढं बोलले. “आन् मी एकट्यानं न्हाई बुजीवला. आमच्या वडलांनी दोन सऱ्या वाढिवल्या, मी चार. वरच्यानं घेतल्या, खालच्यानं घेतल्या. ट्रॅक्टर आलं, लेव्हलिंग आलं. आठ जणांची रानं हाईत त्येच्यावर. कुणाकुणाला धरणार?”

मी त्या दिवशी जरा मोठ्यानं बोलले. पाणी निघून जायची वाट तुम्ही बुजवलीत, तिच्यावर ऊस लावलात, त्या उसाला दुप्पट पाणी पाजलंत, पाणी साठून रानं पांढरी पडली, आणि आता माझ्याकडून पाइप घेऊन ते पाणी ज्या माणसाच्या रानातून न्यायला निघालात, त्यालाच खुळा म्हणता. ओढा बुजल्यापासून दर पावसाळ्यात वरचं सगळं पाणी तात्यांच्या रानावरून लोटत होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भजी गार व्हायलीत.”

तात्यांच्या रानातून पाइप न्यायची गरजच नव्हती. ओढा पुन्हा मोकळा केला तर बापूंच्या रानापाशीच खोली मिळत होती, मोठा पाइप निम्म्यानं कमी झाला असता आणि बावीस जणांचंच नव्हे, अख्ख्या शिवाराचं पाणी उतरलं असतं. माने साहेबांना फोन केला.

“आता डिझाइन बदलायचं? मशीन जागेवर असताना?”

“सर, चुकीचं डिझाइन पुरं करायचं का?”

“तुम्हीच केलं होतं ना ते?”

“हो. म्हणूनच चुकीचं आहे हे खात्रीनं सांगतेय.”

मग ते म्हणाले, “म्हाताऱ्याला उठवणं सोपं नाही का?”

“नाही. आणि तो बरोबर आहे.”

साहेब पाइपवर पैज लावतील पण माणसांवर नाही, अशी त्यांची ख्याती. तरी त्यांनी तहसील कचेरीत दोन दिवस बसून ओढा मोकळा करायच्या परवानगीचं पत्र आणलं. हे काम माझ्यानं झालं नसतं.

आता आठ जणांना उसातल्या सऱ्या सोडायच्या होत्या. मोरीपाशी सगळ्यांना बोलावलं. चार दिवसांपूर्वी शाळेत गावाच्या भल्यासाठी घसा फोडणारी हीच मंडळी. आज प्रत्येकाकडं कारण होतं. एकाचा ऊस बेण्याचा होता. दुसऱ्याच्या भावाला विचारायचं होतं आणि भाऊ पुण्याला. तिसरा म्हणाला, आधी सरकारी मोजणी आणा. चौथा म्हणाला, नकाशा जुना आहे, ओढा तेव्हापासून सरकला असेल. मी विचारलं, “कुठं सरकला?” तो म्हणाला, “ते तुमी शोधायचं.” बापू मोरीच्या कठड्यावर बसून चपलेनं माती उकरत होते.

तेवढ्यात तात्या आले. हातात कोयता. दोघं-तिघं मागं सरकले. तात्यांनी कुणाकडं बघितलंही नाही. ते आपल्या बांधावर गेले आणि कडेचा ऊस तोडायला लागले. मी धावत गेले.

“तात्या, हे काय?”

“ह्या चार सऱ्या ओढ्यात हाईत.”

“तुमच्या?”

“मी बी घेतल्या. सगळीच घेत हुती तवा. माझ्यावर पाणी यायला लागलं मग कळलं, काय केलं ते.”

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर समदी म्हणली असती, तू बी चोर हाईस, गप बस. आन् गप बसायला लागलं असतं.” त्यांनी आणखी एक ऊस आडवा केला. “आता तुमी नकाशा आणलासा. आता मला कुणाचं भ्या न्हाई. माझं धरून सगळ्यांचं निघंल.”

सगळे मोरीवरून बघत होते. खरं तर इथंच सगळ्यांचं मन पालटलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एकानं खालच्या आवाजात म्हटलं, “म्हातारा नाटक करतोय.” तेव्हा सुमनवहिनी पुढं आल्या. चार दिवसांपूर्वी ‘माझं नाव नगा सांगू’ म्हणणारी ही बाई बापूंच्या समोर उभी राहिली.

“बापू, माझी दोन एकर गेली. सा वर्सं मी तुमच्या रानात तुमची भांगलण करतोय. तुमच्या सा सऱ्या जाईनात व्हय?”

बापूंनी मान वर केली नाही. “मी कुटं न्हाई म्हणलोय,” एवढंच म्हणाले. ते खरं होतं. हो सुद्धा म्हणाले नव्हते. पण मग ते उठले, धोतर आवरलं आणि ऑपरेटरला म्हणाले, “चिंचंपास्नं सुरू कर. चिंचंला धक्का लागला तर बग.”

अध्यक्षच हलल्यावर बाकीचे किती वेळ थांबणार? पुण्याचा भाऊ फोनवर लगेच हो म्हणाला. बेण्याचा ऊस वैरणीला गेला. फक्त नकाशा जुना म्हणणारा माणूस शेवटपर्यंत उभं राहून जेसीबीला फूट मोजून देत होता, आपल्या बाजूनं कमी आणि समोरच्याच्या बाजूनं जास्त. त्याच्यावर नजर ठेवायला मी तात्यांना बसवलं. तात्यांनी बाजलं तिथं हलवलं.

अकरा दिवस लागले. ओढ्याचा तळ सापडत गेला तशी जेसीबीच्या बकेटमधून वाळू आणि शंख येत होते. मोरीच्या कमानी दोन्ही बाजूंनी मोकळ्या झाल्या. मग पाइप. शेवटचा पाइप जोडला आणि आउटलेटच्या तोंडातून पाणी यायला लागलं, आधी गढूळ, मग चहासारखं, मग जवळजवळ स्वच्छ. मी क्षार मोजायचा मीटर बुडवला. काटा पार टोकाला गेला, ती अपेक्षा होतीच. सुमनवहिनी खाली उतरल्या, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या.

“मीठच हाय की गं बाई!”

“हे तुमच्या रानातलं आहे,” मी म्हटलं.

त्या बराच वेळ त्या धारेकडं बघत बसल्या.

पहिल्या वर्षी त्यांच्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग आणि धैंचा लावला आणि तिथंच गाडला. दुसऱ्या वर्षी सोयाबीन आलं, मधे मधे टक्कल असलेलं. तिसऱ्या वर्षी पांढरे डाग शोधावे लागत होते. त्यांनी दुसऱ्याच्या रानात जाणं बंद केलं. तात्यांच्या विहिरीचं पाणी चांगलं सहा हात खाली गेलं. त्यांनी मला फोन करून तक्रार केली की आता पाणी काढायला दोर लांब लागतो. ती तक्रार आहे की आभार, हे अजून मला कळलेलं नाही.

बाकी? बाकीच्यांची रानं सुधारली आणि सुधारल्या सुधारल्या त्यांनी पुन्हा ऊस लावला. उसाला पुन्हा पाटानं मोकळं पाणी. ठिबक करा म्हणून मी दर बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी दर बैठकीत मान हलवली. बापूंनी चार गुंठ्यांत ठिबक केलं, रस्त्याकडेच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

गेल्या उन्हाळ्यात मी सहज म्हणून गेले होते. ओढ्यात उतरून आउटलेट पाहिलं तर पाणी येत नव्हतं. मला वाटलं पाइप दबला. हात आत घातला तर बारदान लागलं. घट्ट बोळा करून, वर दोरी बांधून, नीट बसवलेलं. वर येऊन विचारलं. सगळे आभाळाकडं बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, “उन्हाळ्यात पाणी उगंच वाया जातंय, मॅडम. आठवडाभरच लावलंतं.” बारदानाला शेवाळ धरलं होतं. मी परत खाली उतरून ते ओढून काढलं, वर येऊन त्याच्या हातात दिलं आणि गाडीत बसले. मागं पाण्याचा आवाज सुरू झाला असणार, तो ऐकायला मी थांबले नाही. मी फारच चिडले होते.

पाइपची गॅरंटी कंपनी देते. मी डिझाइनची देऊ शकते, आता जरा बिचकत. वापरणाऱ्याची गॅरंटी कुणीच देत नाही. म्हणून हल्ली प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी मी एक ओळ घालते : ‘वर्षातून दोनदा आउटलेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून पाहावा.’ माने साहेब म्हणतात, ही टेक्निकल भाषा नाही. मी ती ओळ काढत नाही.